परसबाग : गाजरांची विरळणी आणि राखण

पौषांतल्या थंडींत ज्या घरीं भोगीची भाजी होते, त्या घरीं गाजरांवांचून चालत नाहीं. वांगीं, घेवडा, ओले हरभरे, शेंगदाणे व तीळ ह्यांच्या मेळ्यांत गाजराचे लाल तुकडे पडले म्हणजेच त्या भाजीला शोभा येते; आणि दुसऱ्या दिवशीं संक्रांतीच्या सुगडांतही ऊस, बोरें, गव्हाच्या ओंब्या व हरभऱ्याचे घाटे ह्यांच्या शेजारीं गाजर असतेंच. दहा फूट लांब व तीन फूट रुंद एवढा एकच वाफा परसांत मोकळा असेल, तर त्या दोन दिवसांची गरज भागून पुढें माघांतही अनेक दिवसांच्या कोशिंबिरीला पुरतील एवढीं गाजरें घरचीं मिळूं शकतात.

मिळूं शकतात, असें म्हटलें. मिळतातच, असें नव्हे. गाजर लावून पाहिलेल्या घरांतून ऐकूं येणारी तक्रार बहुधा एकाच सांच्याची असते. पाला हिरवागार, गुडघ्याएवढा. पाहणाराचें मन प्रसन्न व्हावें असा. आणि उपटून पाहावें तों खालीं करंगळीहूनही बारीक, कांहीं ठिकाणीं दोन-तीन पाय फुटलेलें, गांठाळलेलें मूळ. मग दोष बियांना, मातीला, क्वचित् ग्रहांनाही दिला जातो. वास्तविक ह्या फजितीचीं मुख्य कारणें दोन. एक, वेळेवर न केलेली विरळणी; आणि दुसरें, जमिनीच्या पोटांत कोणाच्याही नजरेस न पडतां चाललेला किडींचा उपद्रव. ह्या दोहोंचाच विचार ह्या महिन्याच्या सदरांत करावयाचा आहे.

कांहीं घरांतील वृद्ध मंडळी गाजराकडे थोड्या संशयानें पाहतात, त्याचाही येथें उलगडा करून ठेवूं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लसूण व कांदा ह्यांच्या जोडीला 'गृंजन' नांवाची वस्तु निषिद्ध म्हणून सांगितली आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ कोणी गाजर, तर कोणी लसणीचीच एक जात असा करितात. वाद जुना आहे. तो पंडितांनीं मिटवावा. सुगडांत घालून देवापुढें ठेवलें जाणारें गाजर आपल्या घरांतून केव्हांच मान्य झालेलें आहे. शिवाय वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें तें कांद्या-लसणीचें कोणी लागत नाहीं. त्याचें गोत्र कोथिंबीर, जिरें, ओवा, बडीशेप व शेपू ह्यांचें. ही ओळख पुढें किडींच्या प्रकरणीं उपयोगी पडणार आहे.

जात व पेरणी

गाजराचे ठोकळ वर्ग दोन. एक देशी लाल गाजर, लांब व रसाळ. दुसरें विलायती नारिंगी, आंखूड व गुळगुळीत, ज्यांत नांत ही जात प्रसिद्ध आहे. देशी गाजर उष्णता अधिक सोसतें आणि सपाटीच्या प्रदेशांतही त्याला बीं धरतें. विलायती गाजराला बीं धरण्यासाठीं कडक थंडी लागते, म्हणून त्याचें बीं दरवर्षीं विकतच आणावें लागतें. 'पुसा केशर' ही जात देशी लाल व नांत ह्यांच्या संकरांतून निघाली, आणि 'पुसा रुधिरा' ही गडद लाल जात २००८ सालीं आली. ह्या नांवांतील 'पुसा' म्हणजे बिहारमधील तें गांव, जेथें १९०५ सालीं सरकारी कृषि-संशोधन संस्था निघाली. १९३४ च्या भूकंपांत तेथील इमारत पडल्यावर संस्था १९३६ सालीं दिल्लीस गेली, पण जुन्या गांवाचें नांव तिनें टाकलें नाहीं.

पेरणी आश्विनांत, पाऊस ओसरल्यावर करावी. माती एक फूट खोल खणून खडे-गोटे वेंचून टाकावे. कारण खालीं उतरणाऱ्या कोंवळ्या मुळाचें टोंक खड्यावर आपटलें, कीं तेथेंच त्याला दोन पाय फुटतात. ह्याच कारणास्तव गाजराचें रोप एके ठिकाणीं उगवून दुसरीकडे लावतां येत नाहीं. उपटतांना टोंक तुटतेंच. शेणखत घालावयाचें तें पूर्ण कुजलेलें, मातीसारखें झालेलें असावें. ताज्या शेणानें गाजरें केंसाळ व फांटे फुटलेलीं होतात, आणि हुमणीला आमंत्रण जातें तें निराळेंच.

बीं तळहातावर चोळून त्याचे कांटे घालवावे, रात्रभर पाण्यांत भिजवावें, सकाळीं फडक्यावर कोरडें करून चौपट बारीक वाळूंत मिसळावें, आणि एकेक फुटाच्या अंतरानें ओढलेल्या तीन ओळींत अर्धा इंच खोल पेरावें. वर ओलें गोणपाट पसरून ठेवावें. उगवण सावकाश होते; आठवडा तर लागतोच, कधीं दोन लागतात. पहिला अंकुर दिसतांच गोणपाट काढावें. ओळींत मधून मधून मुळ्याचे दाणे टोंचले, तर ते चार-पांच दिवसांत उगवून ओळ कोठें आहे हें दाखवितात व खुरपणीस सोय होते.

बियांचा हिशेब

विरळणीची आवश्यकता उपदेशानें पटत नाहीं. ती हिशेबानें पटते. वर सांगितलेल्या वाफ्याला सुमारें दीड ग्रॅम बीं लागतें. एका ग्रॅमांत गाजराचे आठशें दाणे धरले, तर हे झाले बाराशें. शंभरांतले साठच उगवले असें मानलें, तरी वाफ्यांत सातशें वीस रोपें उभीं राहतात. आतां जागा पाहूं. तीन ओळी, प्रत्येक दहा फुटांची, म्हणजे एकूण तीनशें साठ इंच. पुऱ्या वाढीच्या गाजराला तीन इंच तरी जागा हवी. म्हणजे जागा एकशें वीस, आणि उमेदवार सातशें वीस! सहांतलें एक ठेवावयाचें व पांच काढावयाचीं, असा हा सरळ हिशेब आहे. ठेवलेलें प्रत्येक गाजर शंभर ग्रॅमांचें झालें, तर बारा किलो माल पदरांत पडतो. सर्वच ठेवलीं, तर सातशें वीस दोऱ्या मिळतात.

असें कां व्हावें? गाजराचें मूळ म्हणजे पानांनीं तयार केलेल्या साखरेची कोठी. दाट वाफ्यांत एकाचें पान दुसऱ्यावर सांवली धरतें. सांवलींत सांपडलेलें रोप कोठी भरावयाचें सोडून उजेडासाठीं उंच होऊं लागतें. शेजारचें त्याहून उंच होतें. आणि ह्या चढाओढींत सगळी कमाई पाल्यांतच खर्च होते. कर्त्या माणसाची मिळकत नुसत्या दिखाव्यांत गेली तर घरांत शिल्लक काय राहणार? गुडघ्याएवढा पाला व करंगळीएवढें मूळ, ह्या कोड्याचें उत्तर हें आहे.

उपटावें कीं न उपटावें?

हिशेब कितीही सरळ असला, तरी प्रत्यक्ष वाफ्याशीं बसल्यावर हात चालत नाहीं, हा अनुभव घरोघरींचा आहे. सूनबाई कात्री घेऊन बसल्या कीं सासूबाई ओटीवरून म्हणावयाच्याच, "अगो, चांगलीं उगवलेलीं रोपें उपटायचीं? असूं देत तीं, देवानें दिलेलीं आहेत." ह्या बोलण्यांत नुसता भाबडेपणा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. टंचाईचे दिवस पाहिलेल्या पिढीला एक दाणाही टाकवत नाहीं, आणि त्या वृत्तीवरच आपलीं घरें चाललीं. पण त्याच सासूबाईंना हेंही ठाऊक असतें कीं, दारचा आंबा मोहरानंतर धरलेल्या बाळकैऱ्यांपैकीं बहुतेक आपल्या आपणच गाळून टाकतो, आणि जितक्या पोसवतील तितक्याच ठेवतो. झाडाला ही समज निसर्गानेंच दिली आहे. गाजराच्या वाफ्यांत प्रत्येक रोप स्वतंत्र. कोणी कोणासाठीं गळत नाहीं. तेथें आंब्याचें काम माळ्यानें करावयाचें असतें. न उपटणें ही दया होत नाहीं. सातशें वीसांनाही अर्धपोटीं ठेवण्याचा तो निर्णय होय.

शिवाय उपटलेलें वायां जात नाहीं. पहिल्या विरळणीचा कोंवळा पाला धुवून चिरून थालीपिठांत अथवा पीठ पेरून भाजींत घालतां येतो; दुसऱ्या विरळणींत तर बोटाएवढीं गोड गाजरें हातीं येतात, आणि मुलें तीं वाफ्यावरच फस्त करितात. हें समजावून सांगितल्यावर बहुतेक घरांतील विरोध मावळतो.

विरळणीची रीत

पहिली विरळणी पेरणीनंतर साधारण तीन ते चार आठवड्यांनीं, रोपाला दोन-तीन खरीं पानें आलीं म्हणजे करावी. प्रथम येणारीं दोन लांबट, साधीं पानें हीं दाळींचीं. त्यांनंतर झालरीसारखीं कातरलेलीं येतात तीं खरीं. त्या वेळीं रोप दोन इंचांचें असतें. ह्या खेपेस दर इंचाला एक रोप ठेवावें. दुसरी विरळणी त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनीं. तेव्हां अंतर तीन इंचांचें करावें. एकदमच तीन इंचांवर न येतां दोन खेपा करण्याचें कारण असें कीं, मधल्या काळांत कांहीं रोपें किडीनें अथवा पांखरांनीं जातात. राखीव गडी हाताशीं असलेले बरे.

दोन तास आधीं वाफ्याला पाणी द्यावें. वेळ संध्याकाळची धरावी, म्हणजे हाललेल्या शेजारच्या रोपांना रात्रभर सांवरण्यास सवड मिळते. पहिल्या खेपेला रोप उपटण्यापेक्षां लहान कात्रीनें जमिनीलगत कापणें अधिक चांगलें. उपटतांना एकाबरोबर दुसऱ्याचेंही मूळ हलतें, कापतांना तें जागचें हलत नाहीं. कापलेलें गाजर पुन्हां फुटेल ही भीति नको; पानें फुटतात तो माथा कापला गेला कीं तें संपतें. दुसऱ्या खेपेला मात्र मूळ खाण्याजोगें झालेलें असतें, म्हणून एका हातानें शेजारची माती दाबून धरून दुसऱ्या हातानें सरळ वर ओढावें.

कोणतें ठेवावें व कोणतें काढावें, ह्यावर घरांत वाद होतात. त्यावर उपाय एक काठी. हातभर काठीवर एका बाजूला इंच-इंचावर व दुसऱ्या बाजूला तीन-तीन इंचांवर खुणा कराव्या. ती ओळीशेजारीं ठेवावी. प्रत्येक खुणेच्या जवळ जें सर्वांत सशक्त असेल तें राखावें व बाकीचीं काढावीं. काठीला दयामाया नसते, आणि तिच्याशीं कोणी भांडतही नाहीं. हें काम एका ओळीला एकाच माणसानें करावें. दोघांनीं मिळून केलें, तर प्रत्येकजण आपापलें आवडतें रोप राखतो आणि ओळ होती तशीच दाट राहते.

काम संपल्यावर तिसरी गोष्ट, जी बहुधा राहून जाते. जमिनीवर उघड्या पडलेल्या गाजराच्या खांद्यांवर बोटांनीं माती ओढून भर द्यावी. ऊन लागलेला खांदा हिरवा पडतो व कडवट लागतो. मग झारीनें हलकें पाणी घालावें, म्हणजे सैल झालेली माती मुळांशीं बसते. पुढें पाणी थोडें पण नियमानें द्यावें; आठ दिवस कोरडें ठेवून नवव्या दिवशीं वाफा भरला, तर गाजरें उभीं चिरतात.

उशीर झाला तर? पेरणीनंतर दोन महिन्यांनीं केलेल्या विरळणीचा फायदा थोडा. मुळें एकमेकांत गुंतलेलीं असतात, व वाढीचे मोलाचे दिवस गेलेले असतात. तेव्हां 'गाजराची पुंगी' ह्या म्हणीप्रमाणें वाजली तर वाजली, नाहीं तर मोडून खाल्ली, एवढेंच समाधान उरतें.

जमिनीवरचे शत्रु

उगवणीच्या दिवसांत चिमण्या कोंवळीं पानें टिपतात आणि मुंग्या बीं उचलून नेतात. मुंग्यांसाठीं वाफ्याच्या कडेनें कोरडी राख टाकावी. भिजली कीं ती पुन्हां टाकावी लागते. चिमण्यांसाठीं जुनी मच्छरदाणी कामट्यांवर ताणून बसवावी. ही मच्छरदाणी पुढें महिनाभर ठेवली, तर तुडतुडे व फुलपांखरें ह्यांनाही मज्जाव होतो.

रात्रींतून रोपें जमिनीलगत कातरून पडलेलीं दिसलीं, तर काम रोप कुरतडणाऱ्या अळीचें समजावें. ही मळकट, जाड अळी दिवसा त्याच रोपाच्या आसपास दोन-तीन इंचांत मातीखालीं वेटोळें करून निजलेली असते. काडीनें माती उकरून ती काढावी. संध्याकाळीं वाफ्याच्या कडेला गवताचे लहान ढीग ठेवून सकाळीं उचलून पाहिले, तर त्यांखालींही सांपडते.

मावा पानांच्या देंठांशीं व माथ्याशीं चिकटून रस शोषतो. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें तो धुवून काढावा. तरी हटला नाहीं तर निंबोळीचा अर्क करावा: पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांचा गर कुटून एक लिटर पाण्यांत रात्रभर ठेवावा, सकाळीं फडक्यानें गाळून त्यांत चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवावा, आणि ऊन उतरल्यावर फवारावा. मात्र फवारणीपूर्वीं पानें उलटून पाहावीं. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे अथवा त्यांच्या काळसर, कांटेरी अळ्या तेथें असतील, तर चार दिवस थांबावें. ते मावा खाऊनच जगतात. येथें गाजराच्या गोत्राची ओळख उपयोगी पडते. ह्याच कुळांतील कोथिंबीर, शेपू व बडीशेप ह्यांचीं चार झाडें वाफ्याच्या टोंकाला फुलूं द्यावीं. त्यांच्या छत्रीसारख्या बारीक फुलांवर ज्या माश्या मधासाठीं येतात, त्यांतील कांहींच्या अळ्या माव्याचा फडशा पाडतात.

पानें पिवळीं-लालसर पडून झुबका झाला व मूळ केंसाळ दिसलें, तर तो तुडतुड्यांनीं आणलेला रोग असूं शकतो. त्याला औषध नाहीं. तेवढें रोप उपटून टाकावें.

जमिनीखालचे शत्रु

हुमणी ही भुंगेऱ्याची पांढरी, वांकडी अळी मुळें खाते. तिचा बंदोबस्त आश्विनांत नव्हे, ज्येष्ठांत करावयाचा असतो. पहिल्या पावसानंतर सायंकाळीं तिचे भुंगेरे जमिनींतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर ह्यांच्या पानांवर जमतात. तेव्हां फांदी हलवून खालीं पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यांत टाकावे. हें काम एका परसापुरतें करून भागत नाहीं. आळींतील सर्व घरांनीं मिळून केलें तरच गुण येतो.

परंतु खरा घातकी शत्रु तो, जो डोळ्यांना दिसतच नाहीं: सूत्रकृमि. केंसाहून बारीक असे हे जंतु मुळांत शिरून तेथें गांठी करितात. मादी एका खेपेला कित्येक शें अंडीं घालते, आणि उबदार जमिनींत एक पिढी सुमारें महिन्याभरांत पुरी होते. टोमॅटो, वांगें, भेंडी ह्यांना गांठी आल्या तरी चार फळें हातीं लागतात. गाजराचें तसें नाहीं. येथें मूळ हेंच फळ. कोंवळेपणीं टोंकाला सूत्रकृमि लागला कीं गाजराला फांटे फुटतात, बाजूच्या तंतुमुळांवर मण्यांसारख्या गांठी येतात, आणि सारा वाफा फुकट जातो. एवढेंच नव्हे, तर ती जमीन पुढें वर्षानुवर्षें दूषित राहते. म्हणून ह्या शत्रूची परीक्षा पेरणीपूर्वींच करावी.

परीक्षा सोपी आहे. त्या जागीं पावसाळ्यांत जें टोमॅटोचें, वांग्याचें अथवा भेंडीचें झाड होतें, तें मुळासकट हळूच खणून पाण्यांत धुवावें. मुळांवर गांठी दिसल्या, व त्या नखानें खरवडून निघत नसल्या, मूळच सुजलेलें असलें, तर ते सूत्रकृमि. घेवडा, चवळी, भुईमूग ह्यांच्या मुळांवरही गांठी असतात. पण त्या बाजूला चिकटलेल्या असून बोटानें सुटतात, आणि त्या उपकारक असतात. दोहोंची गल्लत करूं नये.

उपाय तीन. पहिला उन्हाळ्यांतला: चैत्र-वैशाखांत वाफा खणून, एकदां भरपूर पाणी देऊन, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद कडा मातींत गाडून पक्का बसवावा व चार ते सहा आठवडे ठेवावा. आंतील माती इतकी तापते कीं वरच्या थरांतील बहुतेक कृमि व अंडीं मरतात. दुसरा, निंबोळी पेंड: आपल्या ह्या एका वाफ्याला अर्धा किलो, पेरणीपूर्वीं दोन आठवडे मातींत मिसळावी.

तिसरा उपाय आपल्या सणांशीं सुंदर रीतीनें जुळणारा आहे, आणि तो म्हणजे झेंडू. झेंडूच्या मुळांत सूत्रकृमींना मारक असें द्रव्य असतें. मात्र वाफ्याच्या चार कोपऱ्यांवर चार झेंडू लावून कांहीं साधत नाहीं. सबंध वाफ्यांत झेंडूच दाट लावून दोन-तीन महिने ठेवावा लागतो. आषाढांत ज्या वाफ्यांत झेंडू लावला, त्याचीं फुलें दसऱ्याच्या तोरणाला होतात. दसरा उलटला कीं झाडें काढून वाफा खणावा, व त्याच वाफ्यांत आश्विन वद्यांत गाजर पेरावें. तोरणाचा वाफा तोच भोगीचा वाफा, असा हा क्रम ज्या घरीं एकदां बसला, तेथें सूत्रकृमींचा जोर बराच आटोक्यांत राहतो. ज्यांच्या परसांत आज झेंडू उभा आहे, त्यांनीं गाजरासाठीं तोच वाफा निवडावा.

रासायनिक दाण्यांविषयीं एक स्पष्ट शब्द. मूल गाजर उपटतें, झग्याला पुसतें आणि खातें; जमिनींत टाकलेलें विष आणि त्याचें पोट ह्यांत दुसरें कांहीं नसतें. पूर्वीं घरोघरीं मिळणारा फोरेट ह्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून भारतांत बंदी आहे. कोठाराच्या कोनाड्यांत त्याची जुनी पिशवी राहिली असेल, तर ती वाफ्यांत रिकामी करूं नये, मुलांच्या हाताला लागूं देऊं नये, आणि तिची विल्हेवाट कशी लावावी हें कृषि खात्याच्या अधिकाऱ्यास विचारावें.

विलायतेंतील वाचकांसाठीं

लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालीं निघालें. त्या देशांत आज पिढ्यान् पिढ्या राहिलेलीं आपलीं पुष्कळ कुटुंबें आहेत, व त्यांतील कित्येक घरामागें गाजरें लावतात. तेथें शत्रु निराळा. दख्खनच्या वाफ्यांत जिचा त्रास नसतो अशी गाजरमाशी तेथें प्रमुख. ती गाजराजवळ मातींत अंडीं घालते, आणि तिच्या पिवळसर अळ्या मुळांत गंजाच्या रंगाचे बोगदे करितात. चिरडलेल्या पाल्याच्या वासावर ही माशी येते; म्हणून तेथें विरळणी हीच धोक्याची वेळ. बीं मुळांतच अगदीं विरळ पेरावें, म्हणजे काढण्याचा प्रसंग थोडा येईल. काढलेलीं रोपें क्षणभरही वाफ्यांत ठेवूं नयेत. माशी जमिनीलगत उडते, म्हणून वाफ्याभोंवतीं दोन फूट उंचीचा बारीक जाळीचा आडोसा करावा, किंवा सबंध वाफाच जाळीनें झांकावा. मे महिन्याच्या मध्यानंतर पेरलेलीं गाजरें माशीच्या पहिल्या पिढींतून बहुधा सुटतात. ज्या वाफ्यांत गाजरें किडलीं, तेथें पुढच्या वर्षीं तीं पुन्हां लावूं नयेत.

पानांत वाढतांना

गाजराच्या पिवळ्या रंगाचें द्रव्य वाकेनरोडर ह्या जर्मन रसायनज्ञानें १८३१ सालीं वेगळें केलें, व गाजराच्या लॅटिन नांवावरूनच त्यास कॅरोटीन हें नांव पडलें. शरीरांत त्याचें अ जीवनसत्त्व बनतें, हें १९३० सालीं थॉमस मूर ह्यानें दाखविलें. हें द्रव्य स्निग्ध पदार्थाबरोबर अंगीं लागतें. तेव्हां गाजराच्या कोशिंबिरीवर आपल्याकडे जी मोहरी-हिंगाची फोडणी घालतात, ती केवळ चवीची नव्हे; ती कोणीं 'हलकें खावें' म्हणून गाळली, तर गाजराचा बराच गुण वायां जातो. देशी गाजराचा लाल रंग मुख्यतः टोमॅटोंतील रंगद्रव्याचाच असतो. अ जीवनसत्त्वाच्या दृष्टीनें नारिंगी गाजर सरस. ज्यांना जागा आहे त्यांनीं एक ओळ नारिंगी गाजराची अवश्य ठेवावी.

सोयीसाठीं महिन्यांचा क्रम पुन्हां देतों. दसऱ्यानंतर झेंडू काढून खणणी. आश्विन वद्यांत पेरणी. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पहिली विरळणी. मार्गशीर्षांत दुसरी विरळणी व खांद्यांना मातीची भर. पौषांत भोगीला पहिलीं मोठीं गाजरें. आणि माघांत उरलेला वाफा, लागेल तसतसा. शेवटचीं चार-सहा उत्तम देशी गाजरें न काढतां तशींच ठेवलीं, तर फाल्गुनाच्या सुमारास त्यांना पांढऱ्या छत्र्या फुटतात व पुढें घरचें बीं मिळतें. त्यांना मात्र एक-एक फूट तरी मोकळी जागा द्यावी.

पुढील अंकीं ह्याच कुळांतील कोथिंबिरीचा विचार करूं. ती उन्हाळ्यांत उगवत कां नाहीं, असें पुष्कळ भगिनी विचारतात.